नक्षत्रनौका आणि निर्वासितांची छावणी

गेल्या पावसाळ्यांत अंबरनाथहून बदलापुरास जात असतां गाडींत एका जुन्या स्नेह्यांची गांठ पडली. हे गृहस्थ अंबरनाथच्या एका कारखान्यांत तीस वर्षें यंत्रें जुळविण्याचें काम करून आतां घरीं बसले आहेत. जागा मिळून दोघे टेकलों न टेकलों तोंच त्यांनीं आपली एक अडचण आमच्यापुढें मांडली. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन चित्रमालिका त्यांची मोठी आवडती. १९८० नंतरच्या दशकांत ती दूरदर्शनवर रविवारीं सकाळीं दाखवीत असत, तेव्हांपासूनची ही आवड. परंतु त्यांच्या नातवानें त्यांस सरळ विचारलें होतें कीं, "आजोबा, तुमच्या त्या मालिकेंतला खिशांतला दूरध्वनि आला, भिंतीवरचा बोलका पडदा आला, माणसाशीं संभाषण करणारें यंत्रहि आलें, मग आतां तींत पाहण्यासारखें उरलें तें काय?" नातवाच्या मतें जुनी भविष्यकथा आणि मागल्या वर्षाचें पंचांग यांची किंमत सारखीच. आजोबांस उत्तर सुचलें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर बदलापूर येईपर्यंत आम्हांसहि सुचलें नाहीं.

प्रश्न पोराचा असला तरी पोरकट नाहीं. जी कथा साठ वर्षांच्या सुमारास चालत आली, जिच्यावर तेरा चित्रपट निघाले आणि जिच्या पोटीं अनेक नव्या मालिका जन्मास आल्या, ती आजच्या समाजाला कांहीं सांगते काय, कीं केवळ संवयीनें व व्यापारानें जिवंत राहिली आहे, याचा विचार करावयाचा तर तिचा इतिहास थोडा उलगडून पाहिला पाहिजे. आणि तो अंबरनाथ-बदलापूरच्या गाडींत बसून पाहिला असतां हॉलिवुडांत बसून दिसणार नाहीं असेंहि कांहीं दिसतें, असें आम्हांस मागाहून वाटूं लागलें.

योगायोग असा कीं, २४ एप्रिल १९६६ रोजीं मुंबईस मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली आणि त्याच वर्षीं ८ सप्टेंबर रोजीं जीन रॉडनबेरी यांच्या कल्पनेंतून निघालेल्या या मालिकेचा पहिला भाग अमेरिकेंत प्रक्षेपित झाला. दोहोंचा एकमेकींशीं कांहींएक संबंध नव्हता. एकीस विज्ञान मायबोलींत आणावयाचें होतें. दुसरीस जाहिरातदार टिकवावयाचे होते. पण ज्या काळीं अमेरिका व्हिएतनामांत लढत होती, तिच्या दक्षिणेकडील संस्थानांत काळ्या माणसास मतासाठीं मार खावा लागत होता आणि रशियाशीं तिचें शीतयुद्ध चालू होतें, त्या काळीं या मालिकेनें एका नौकेवर काळी स्त्री, जपानी वंशाचा सुकाणूवाला आणि दुसऱ्या वर्षापासून एक रशियन तरुण यांस शेजारीं शेजारीं बसविलें. आणि विशेष हें कीं, त्याबद्दल नौकेवर कोणीहि आश्चर्य व्यक्त केलें नाहीं. सुकाणूवाल्याचें काम करणारे नट जॉर्ज टकेइ यांचें बालपण दुसऱ्या महायुद्धांत, केवळ जपानी वंशाचे म्हणून, अमेरिकन सरकारच्या तारेच्या कुंपणाआड गेलें होतें. ही गोष्ट ध्यानांत धरली म्हणजे त्या खुर्चीवर त्यांनीं बसण्यांत काय होतें तें कळतें.

उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकल्स पहिल्याच वर्षानंतर मालिका सोडून जाणार होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनीं त्यांस भेटून तसें न करण्याविषयीं आग्रह केला, ही हकीकत त्यांनीं स्वतः पुढें पुष्कळदां सांगितली आहे. त्या राहिल्या. पुढें अमेरिकेच्या अंतराळ संस्थेनें स्त्रिया व काळे लोक यांची उमेदवार म्हणून भरती करण्याच्या कामीं १९७७ च्या सुमारास त्यांचीच मदत घेतली, आणि १९७८ च्या तुकडींत सॅली राइड व गायन ब्लुफर्ड हीं माणसें आलीं. पहिली अंतराळांत जाणारी पहिली अमेरिकन स्त्री, दुसरा पहिला काळा अमेरिकन अंतराळवीर. एखाद्या करमणुकीच्या कथेनें समाजावर याहून अधिक काय करावें अशी अपेक्षा आहे? उलट, यंत्रांच्या बाजूनें तिचा विजय कसा पोकळ होता तेंहि पाहा. चाहत्यांनीं पत्रांचा पाऊस पाडल्यामुळें १९७६ सालीं अमेरिकेच्या पहिल्या अंतराळ-विमानास कथेंतल्या नौकेचें 'एन्टरप्राइझ' हें नांव देण्यांत आलें. पण तें विमान केवळ वातावरणांतल्या चांचणीपुरतें होतें, अंतराळांत तें कधींच गेलें नाहीं. नांव मिळालें, प्रवास राहिला.

मूळ मालिका ७९ भागांनंतर १९६९ सालीं बंद पडली. तेव्हां तिला फारसें कोणी विचारीत नव्हतें. पुनःप्रक्षेपणांतून तिची कीर्ति वाढत गेली.

आतां या नौकेवर हिंदी माणसाला जागा कोठें होती? १९६७ च्या एका भागांत खान नूनियन सिंग नांवाचा एक पराक्रमी खलपुरुष येतो. तो उत्तर हिंदुस्थानचा, बहुधा शीख, असें कथेंतच सुचविलें आहे. काम मात्र मेक्सिकोंत जन्मलेल्या नटानें केलें. खान आणि सिंग यांची ही मोट बांधणाऱ्या लेखकाला आमच्याकडील नांवांची कितपत माहिती होती याचा अंदाज वाचकांनींच करावा. बारा वर्षांनीं, १९७९ च्या चित्रपटांत, आमच्या मुंबईच्या पर्सिस खंबाटा दिसल्या. १९६५ च्या या 'मिस इंडिया'ला भूमिकेसाठीं डोक्याचे सर्व केस काढावे लागले, आणि भूमिकाहि एका परग्रहवासी स्त्रीची. म्हणजे पहिल्या फेरींत आम्ही खलपुरुष झालों, दुसऱ्या फेरींत परग्रहावरचे. समतेच्या त्या नौकेवर आम्हांस शेजारी म्हणून खुर्ची मिळण्यास बराच अवधि लागला.

परंतु आमच्या भागाशीं या कथेचें खरें नातें कोणत्याहि हिंदी पात्रामुळें जुळत नाहीं. १९९३ सालीं याच घराण्यांतली 'डीप स्पेस नाइन' नांवाची मालिका निघाली व ती १९९९ पर्यंत चालली. हिच्यांत भराऱ्या मारणारी नौका मध्यवर्ती नाहीं. एक जागेवरचें स्थानक आहे. बेजोर नांवाच्या ग्रहावर परक्यांनीं कित्येक दशकें सत्ता गाजविली, लोकांस छावण्यांत कोंडून राबविलें, आणि अखेर त्यांचें सैन्य चालतें झालें. जातांना आपल्या लष्करी स्थानकांतलें जें नेतां आलें तें त्यांनीं नेलें, उरलें तें मोडून टाकलें. अशा या मोडक्या लष्करी जागेंत गांव वसवावयाचें आहे. नवा अधिकारी सिस्को येतो (हें काम एव्हरी ब्रुक्स या काळ्या नटाचें, अशा मालिकेचें नायकपद काळ्या माणसास येथें प्रथम मिळालें) आणि त्याचें पहिल्या कांहीं कामांपैकीं एक काम कोणतें? गाशा गुंडाळून निघालेल्या क्वार्क नांवाच्या दुकानदारास, कांहीं समजावून आणि कांहीं धमकावून, दुकान चालू ठेवण्यास लावणें. कारण दुकान उघडें राहिलें तर माणसें राहतील, माणसें राहिलीं तर गांव होईल, हें त्यास कळतें. त्याची दुय्यम अधिकारी किरा ही स्वतः निर्वासितांच्या छावणींत वाढलेली. तिला उपकार नको आहेत आणि दयाहि नको आहे.

ही कथा उल्हासनगरच्या एखाद्या वृद्ध सिंधी गृहस्थास सांगून पाहावी. तो म्हणेल, यांत कल्पित तें काय? दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ सैनिकांच्या मुक्कामासाठीं उभारलेली ती विस्तीर्ण छावणी. युद्ध संपलें, फौज गेली, बराकी राहिल्या. १९४७ सालीं देशाची फाळणी झाली आणि कराचीहून जहाजांनीं मुंबईच्या धक्क्यावर उतरलेलीं हजारों कुटुंबें या बराकींत आणून सोडलीं गेलीं. थोड्याच काळांत तेथें सुमारें लाखभर माणसें झालीं. एकेका बराकींत दाटीवाटीनें अनेक संसार. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें या वस्तीस उल्हास नदीवरून 'उल्हासनगर' हें नांव मिळालें. नांव नवें आलें, तरी लष्करी हिशेब पुसला गेला नाहीं: आजहि तेथील माणूस आपला पत्ता सांगतांना 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पांच' असेंच सांगतो. फौज जाऊन पाऊण शतक लोटलें तरी तिची मोजणी अजून पत्त्यांत आहे.

आणि येथेंहि गांव दुकानदारानेंच उभें केलें. पापड, मिठाई, कापड, लांकूडसामान, मग विजारींचा तो जाड निळा कपडा. जें विकतां येईल तें करावयाचें आणि जें करतां येईल तें विकावयाचें. 'मेड इन यू. एस. ए.' या अक्षरांचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा लावून मुंबईचे लोक पिढ्यान् पिढ्या हंसत आले आहेत. आम्हींहि हंसलों आहों. पण ज्याचें घर, शेत, पेढी आणि वाडवडिलांची भूमि एका रेघेनें परकी झाली, त्यानें दहा बाय दहाच्या तुकड्यांत बसून अमेरिकेची नक्कल बाजारांत आणावी, या थट्टेंत थोडें तरी कौतुक मिसळावयास हवें होतें. मराठी ललितवाङ्मयानें या शेजाऱ्याकडे वळून पाहिल्याचें आमच्या वाचनांत फारसें आलें नाहीं. कल्याण-कर्जतच्या गाडींत आपण त्यांच्या खांद्यास खांदा लावून उभे राहतों आणि त्यांच्यावर कथा मात्र कॅलिफोर्नियांतल्या लेखकांनीं, नकळत कां होईना, लिहावी!

मूळ 'स्टार ट्रेक'मध्यें दुकानदारास जागाच नव्हती. पुढल्या मालिकांतून तर भविष्यांतील पृथ्वीवर पैसाच उरला नाहीं असें सांगण्यांत आलें. हें स्वप्न उदात्त आहे. पण ज्यास नेसत्या वस्त्रानिशीं जहाजांतून उतरावें लागलें आहे त्याला तें पोट भरलेल्याचें स्वप्न वाटण्याचा संभव आहे. 'डीप स्पेस नाइन'च्या लेखकांनीं ही उणीव ओळखली. त्यांचा क्वार्क लोभी आहे, लबाड आहे, पण त्यास बोलूं दिलें आहे. आणि तो या सज्जन लोकांच्या सज्जनपणावर जें बोलतो त्यांतलें निम्में खरें असतें. एवढेंच नव्हे, तर १९९६ सालच्या एका भागांत त्याचाच भाऊ रॉम हा त्या दुकानांतल्या नोकरांची संघटना बांधून संप करतो, आणि संप मिटल्यावर भावाची चाकरी सोडून स्थानकाच्या दुरुस्ती-कामगारांत नांव घालतो. नक्षत्रकथेंत संप! १९६६ च्या नौकेवर कपडे कोण धुतो, मजला कोण पुसतो, याची चौकशी कोणी केली नव्हती. तीस वर्षांत कथा इतकी खालीं उतरली, म्हणजेच इतकी वर आली, असें आमचें मत आहे.

मराठींत अशी एका कुळाची लांब मालिका झाली नाहीं. आमची विज्ञानकथा दिवाळी अंकांतून वाढली. वर्षांतून एकदां यावयाचें, पणत्यांच्या उजेडांत वाचली जावयाचें आणि पुढल्या वर्षीं पुन्हां नवीं पात्रें घेऊन यावयाचें. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर 'केरळकोकिळ' मासिकांत ज्यूल व्हर्नच्या चंद्रयात्रेचें मराठी रूप आलें, पुढें भा. रा. भागवतांनीं त्याच व्हर्नला मुलांच्या हातांत दिलें. पण स्वतंत्र मराठी विज्ञानकथेस मान मिळाला तो विज्ञान परिषदेच्या स्पर्धेमुळें. १९७४ सालीं या स्पर्धेंत 'कृष्णविवर' या कथेस पारितोषिक मिळालें. लेखकाचें नांव नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, हें मागाहून कळलें. परीक्षकांवर आपल्या नांवाचा भार पडूं नये म्हणून त्यांनीं आपलीं आद्याक्षरें उलटीं केलीं होतीं आणि अक्षर ओळखूं येऊं नये म्हणून कथा पत्नीच्या हातून लिहवून घेतली होती. पुढल्याच वर्षीं, १९७५ च्या कऱ्हाड येथील साहित्य संमेलनांत, अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनीं या नव्या प्रकाराची आवर्जून दखल घेतली. २०२१ सालीं नाशिकच्या संमेलनाचें अध्यक्षपद खुद्द नारळीकरांकडे आलें. २० मे २०२५ रोजीं ते पुण्यास निवर्तले.

त्यांच्या 'हिमप्रलय' कथेंत मुंबईंत बर्फ पडतें. वैज्ञानिकानें आधीं इशारा दिलेला असतो. शहाण्यासुरत्यांनीं तो कानाआड केलेला असतो. मग लोक धांवतात. आज कोंकणपट्टींत बर्फाची भीति कोणास वाटणार नाहीं, उलट उष्म्याचीच चिंता अधिक. तेव्हां नातवाच्या न्यायानें ही कथाहि शिळी ठरावी. पण बर्फ हें तिचें निमित्त आहे. इशारा हातीं असतांना माणसें काय करतात, हा तिचा विषय. आणि तो आमच्या खोऱ्यांत तरी शिळा झालेला नाहीं.

अंबरनाथचें शिवालय शिलाहार राजा मुम्मुणि याच्या काळीं, शके ९८२ मध्यें, म्हणजे इ. स. १०६० सालीं पुरें झालें. त्याच्या पायाशीं वालधुनी वाहते. जवळच्या डोंगरांत उगम पावून, अंबरनाथावरून व उल्हासनगरामधून ती कल्याणकडे जाते. नऊशें वर्षें तिचें पाणी देवाला चाललें. गेल्या कांहीं दशकांत तें कोणालाच चालेनासें झालें. रसायनांचे कारखाने, विजारी धुण्याच्या मोऱ्या आणि तिन्ही गांवांचें मैलापाणी यांनीं तिचे रंग ठरविले. १९८०-९० च्या सुमारास तिच्याविषयीं जें भाकीत करावें तें दहा-वीस वर्षांत खरें ठरत गेलें. २०१४ च्या नोव्हेंबरांत कोणीं तरी चोरून टाकलेल्या रसायनामुळें उल्हासनगरांत नदीकांठच्या वस्तीस विषारी वायूची बाधा झाली आणि शेंकडों लोकांस रुग्णालयांत न्यावें लागलें. २०१५ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाबद्दल नगरसंस्थांस दंड ठोठावला. इशारा देणारे होते, कागद होते, नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळा होत्या. 'हिमप्रलया'तल्या मंत्र्यांस निदान आपण चुकलों हें एका रात्रींत कळलें. आमचें संकट इतकें सावकाश आलें कीं, कोणत्या दिवशीं चुकलों तें सांगतां येत नाहीं. मराठी विज्ञानकथेची उणीव आम्हांस येथें जाणवते. तिचे नायक वैज्ञानिक, संपादक, सचिव असे असतात. वालधुनीच्या कांठीं राहणारी, पाण्याचा रंग पाहून आज कोणत्या रंगाची धुलाई चालू आहे तें सांगणारी बाई तिच्यांत येत नाहीं. अमेरिकन मालिकेस आपल्या दुकानदारापर्यंत पोंचण्यास सत्तावीस वर्षें लागलीं, हें मनांत आणून आम्ही अजून आशा सोडलेली नाहीं.

२७ जुलै २०१९ रोजीं मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्यें पुराच्या पाण्यांत अडकली. आंत सुमारें हजार पन्नास माणसें. चहूंकडे पाणी, मध्यें दिव्यांची एक लांब रांग. पहांटेपासून आंतलीं माणसें एकमेकांस पाणी, बिस्किटें देत बसलीं होतीं. मग नौका आल्या, आकाशांत हेलिकॉप्टरें आलीं, आसपासच्या गांवांतले लोक आले, आणि दुपारपर्यंत सर्वांस सुखरूप बाहेर काढण्यांत आलें. एकहि जीव गेला नाहीं. त्या डब्यांत कोण कोणत्या जातीचा, कोणत्या भाषेचा होता याची नोंद कोणीं ठेवली नाहीं. रॉडनबेरींच्या नौकेवर जें साठ वर्षांपूर्वीं नाटक म्हणून दाखविलें तें आमच्या उल्हास नदीनें एका सकाळीं करून दाखविलें. फरक एवढाच कीं, येथें पुढल्या भागांत पुन्हां तेंच पाणी येणार होतें, आणि पुढल्या भागाची तयारी करणें कोणाचें काम, हें ठरलें नव्हतें.

बदलापुरास 'ग्रंथसखा' हा जुन्या मराठी ग्रंथांचा व नियतकालिकांचा मोठा संग्रह आहे. त्या दिवशीं आम्ही तेथेंच निघालों होतों, जुनीं मासिकें चाळण्याकरितां. परततांना मनांत वरील सर्व गोष्टी जुळत गेल्या आणि आठ दिवसांनीं मुद्दाम अंबरनाथास उतरून स्नेह्यांच्या घरीं गेलों. नातू घरींच होता. त्याला छावणी, स्थानक, क्वार्क आणि रॉम यांची हकीकत सांगितली. तो हातांतलें यंत्र बाजूला ठेवून ऐकत होता, हें आम्ही आपलें यश समजतों. 'डीप स्पेस नाइन' आजोबांनीं पाहिलेलें नव्हतें. त्यांचें प्रेम मूळ नौकेवर, आणि त्यांतहि कप्तानापेक्षां इंजिनें सांभाळणाऱ्या स्कॉटीवर. सर्व ऐकून झाल्यावर त्यांनीं एकच चौकशी केली.

"त्या दुकानांतला संप किती दिवस चालला हो?"

संप त्याच भागांत मिटला, आम्हीं सांगितलें. मालकानें नोकरांच्या मागण्या गुपचूप मान्य केल्या आणि त्यांनीं वरकरणी संघटना मोडली.

"एका भागांत?" ते हंसले. १९८२ सालचा मुंबईच्या गिरण्यांचा संप त्यांच्या थोरल्या भावानें पाहिला होता. "आमच्या भागांत नाहीं हो इतक्या लवकर मिटत."